विश्लेषण : ‘मांगं बसलो तं पट्टा कायले?’ रस्ता वेगवान झाला, आपल्या सवयी कधी बदलणार?

अमरावती-अकोला महामार्गाचे नाव जून २०२२ मध्ये गिनीज बुकात गेले. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीची एका लेनची डांबरी पट्टी सलग १०५ तास ३३ मिनिटांत अंथरली गेली. ३ जूनला सुरू झालेले काम ७ जूनला संपले. त्याआधी कित्येक वर्षे या रस्त्याने खड्डे चुकवत, कंबर सांभाळत प्रवास केलेल्या वऱ्हाडकरांना हा विक्रम आपलाच वाटला. तो वाटायलाही हवा.

मात्र खड्ड्यांनी नकळत एक काम केले होते. ते गाडीचा वेग चाळीस-पन्नासच्या वर जाऊ देत नव्हते. आता त्याच मार्गावर नव्वद-शंभरचा काटा सहज गाठला जातो. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाने समृद्धी महामार्ग गेला असून तिथे कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. रस्ते बदलले, गाड्या बदलल्या. गाडीत बसण्याची आणि चाक पंक्चर झाल्यावर वागण्याची आपली पद्धत मात्र खड्ड्यांच्या काळातलीच राहिली. ‘मांगं बसलो तं पट्टा कायले?’ आणि ‘इथंच बाजूले घे, दोन मिनिटांत चाक बदलतो,’ ही दोन वाक्ये एमएच २७ आणि एमएच ३० च्या कोणत्याही गाडीत ऐकू येतील. दोन्ही जिवावर बेतणारी आहेत. का, ते समजून घेऊ.

आकडे काय सांगतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. यातील १६,७१५ जणांनी सीट बेल्ट लावलेला नव्हता. या आकड्याची फोड महत्त्वाची आहे. त्यात ८,३८४ चालक होते आणि ८,३३१ प्रवासी. म्हणजे जवळपास निम्मे मृत्यू गाडी न चालवणाऱ्यांचे आहेत.

पट्टा नव्हता म्हणून अपघात झाला, असे हा आकडा सांगत नाही. अपघाताची कारणे वेगळी असतात. पट्टा अपघात टाळत नाही, अपघातानंतर माणूस जिवंत राहण्याची शक्यता वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सीट बेल्टमुळे गाडीतील व्यक्तीच्या मृत्यूचा धोका ५० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो.

मागच्या सीटवर काय धोका?

४ सप्टेंबर २०२२ रोजी टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर अपघाती मृत्यू झाला. मर्सिडीजसारखी भक्कम गाडी होती. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. त्याआधी ३ जून २०१४ रोजी केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांचे दिल्लीत शहरातल्याच चौकात अपघाती निधन झाले. तेही मागच्या सीटवर होते. पट्टा असता तर ते वाचू शकले असते, असे तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी सांगितले होते. एक अपघात महामार्गावरचा, दुसरा शहरातला. ‘जवळच तं जायचं हाय’ या सबबीला दुसरा अपघात पुरेसे उत्तर आहे.

यामागचे गणित बारावीच्या भौतिकशास्त्राचे आहे. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने एखाद्या ट्रकवर आदळली आणि साधारण दोन फुटांत थांबली, तर ६० किलोच्या माणसाला थांबवायला सरासरी एक टनाच्या आसपास बल लागते. पट्टा असेल तर ते बल कंबरेच्या हाडावर आणि छातीवर विभागले जाते. पट्टा नसेल तर गाडी थांबते, माणूस मात्र त्याच वेगाने पुढे जात राहतो. मग त्याला समोरची सीट, काच किंवा पुढे बसलेल्या माणसाचे डोके थांबवते.

आईच्या मांडीवरच्या दहा किलोच्या बाळाचेही गणित करून पाहा. त्याच टकरीत ते बाळ धरून ठेवायला सुमारे १६० किलोचा जोर लागेल. म्हणजे सोयाबीनचे भरलेले तीन कट्टे एका क्षणात हातांनी अडवायचे. कुठल्याही आईबापाला ते शक्य नाही, मग माया कितीही असो.

वेग वाढला की हे चित्र आणखी बिघडते. ताशी ६० ची टक्कर ही साधारण १४ मीटरवरून, म्हणजे चार मजल्यांपेक्षा जास्त उंचीवरून पडण्याइतकी असते. ताशी १०० ची टक्कर सुमारे ३९ मीटरवरून, म्हणजे तेराव्या मजल्यावरून पडण्याइतकी. वेग दुपटीपेक्षा कमी वाढला, मार मात्र पावणेतीन पटींहून अधिक वाढला.

शिवाय मागचा बेपट्टा प्रवासी फक्त स्वतःचा जीव धोक्यात घालत नाही. ‘लॅन्सेट’मध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या जपानमधील अभ्यासात मागचे प्रवासी पट्ट्याविना असतील तर पुढे पट्टा लावून बसलेल्यांच्या मृत्यूचा धोका जवळपास पाचपट वाढतो, असे आढळले होते. त्यामुळे ‘माझा जीव, माझी मर्जी’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३८(३) नुसार चालक, त्याच्या शेजारचा प्रवासी आणि पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटवरील प्रवासी या सर्वांना पट्टा बंधनकारक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार पट्टा न लावल्यास १,००० रुपये दंड आहे. १४ वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा बालसुरक्षा आसनाने सुरक्षित केलेले नसेल, तर त्यासाठी चालकाला १,००० रुपयांचा वेगळा दंड होतो.

म्हणजे मागच्या सीटचा नियम नवा नाही. नवी आहे ती चर्चा. मिस्त्रींच्या मृत्यूनंतर मुंबई वाहतूक पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतील सर्वांना पट्टा सक्तीचा केल्याचे जाहीर केले. आपल्याकडे नाक्यावरची नजर अजूनही पुढच्या काचेतून आत जाते आणि पुढच्या दोन सीटवरच थांबते. पोलिस दिसले की पट्टा खांद्यावरून नुसता ओढून धरायचा आणि पुढे गेल्यावर सोडून द्यायचा, ही युक्ती त्यातूनच आली.

गजर बंद करणाऱ्या क्लिपचीही तीच गोष्ट. पट्टा न लावता नुसती क्लिप बक्कलमध्ये खोचली की गाडीचा ‘टिंग टिंग’ आवाज थांबतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ई-कॉमर्स कंपन्यांना या क्लिपची विक्री थांबवण्याचे आदेश दिले, तेव्हा १३,११८ जाहिराती हटवाव्या लागल्या. इतक्या जाहिराती होत्या, कारण तितके गिऱ्हाईक होते.

पट्टा लावला, पण नीट लावला का?

चुकीचा लावलेला पट्टा इजाही करू शकतो. बसल्यावर या गोष्टी पाहा :

कंबरेचा भाग पोटावर नको, खाली मांडीच्या सांध्याजवळ, कंबरेच्या हाडावर हवा. हाड मार सहन करते, पोटातले यकृत आणि आतडी करत नाहीत.

खांद्याचा भाग मानेला घासत नको आणि खांद्यावरून घसरतही नको. तो गळपट्टीच्या हाडाच्या मधोमध आणि छातीच्या मध्यातून गेला पाहिजे. बहुतेक गाड्यांत पुढच्या पट्ट्याची उंची दाराजवळच्या खांबावर वर-खाली करता येते. टोचतो म्हणून पट्टा काखेखालून घेणे सर्वांत वाईट. टकरीत बरगड्या मोडून आत घुसण्याचा धोका असतो.

पट्ट्याला पीळ नको, ढिला नको. लावल्यावर खांद्याकडून वर ओढून ताण घ्या. साडी, ओढणी, जाड जॅकेट पट्ट्याखालून बाजूला करा.

सीट मागे पाडून झोपू नका. आडव्या सीटवर माणूस टकरीत पट्ट्याखालून पुढे घसरतो आणि कंबरेचा पट्टा पोटात रुततो. अकोल्याहून पहाटे नागपूरला निघालेल्या गाडीत शेजारच्या सीटवर हे दृश्य नेहमीचे आहे.

गर्भवतींनीही पट्टा लावायचाच. कंबरेचा भाग पोटाच्या खालून, खांद्याचा भाग छातीच्या मधून आणि पोटाच्या बाजूने. लहान मुलांसाठी वय आणि वजनाप्रमाणे बालसुरक्षा आसन, आणि उंची साधारण १३५ ते १५० सेंटीमीटर होईपर्यंत पट्टा नीट बसावा म्हणून बूस्टर सीट. मागे तोंड केलेले बाळाचे आसन एअरबॅग सुरू असलेल्या पुढच्या सीटवर कधीही लावू नये.

वर्षातून दोनदा पट्टा झटका देऊन ओढून पाहा. तो तिथल्या तिथे अडकला पाहिजे. कडा विरल्या असतील किंवा गाडीला मोठा अपघात झालेला असेल तर पट्टा बदला. जुनी गाडी घेताना हे जरूर तपासा.

एक खास आपल्याकडची अडचण म्हणजे सीट कव्हर. नव्या गाडीला शोरूममधून बाहेर काढताच कव्हर चढते आणि मागची बक्कले त्याखाली गाडली जातात. मग मागे बसणाऱ्याची इच्छा असली तरी पट्टा लागत नाही. आज गाडी उघडून ही बक्कले वर काढणे, हा या लेखातील सर्वांत स्वस्त उपाय आहे.

एअरबॅग आहे, मग पट्टा कशाला?

एअरबॅग पट्ट्याला पूरक म्हणून बनवलेली असते. ती डोळ्यांची पापणी लवायच्या आत फुगते. पट्टा नसलेला माणूस त्याच क्षणी पुढे फेकला गेलेला असतो आणि फुगणारी बॅग त्याला जोराने उलट धडकते. पट्ट्यामुळे शरीर जागेवर राहते, तेव्हाच बॅग गादीसारखी काम करते. स्टिअरिंगपासून छातीचे अंतर किमान २५ सेंटीमीटर ठेवा, ते याचसाठी.

‘पट्ट्यात अडकून गाडीत जळालो किंवा बुडालो तर?’ हा प्रश्नही विचारला जातो. आग लागणे किंवा गाडी पाण्यात पडणे हे अपघातांच्या तुलनेत कमी घडते. घडले तरी बाहेर पडायला आधी शुद्धीवर असावे लागते. पहिल्या धडकेत शुद्ध टिकवण्याचे काम पट्टाच करतो.

‘टायर फुटला’ हे नेहमीचे उत्तर

आता चाकाकडे येऊ. मोठा अपघात झाला की ‘टायर फुटला’ हे कारण लगेच पुढे येते. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बसला आग लागून २५ प्रवाशांचा मृत्यू झाला, तेव्हाही चालकाने सुरुवातीला हेच सांगितले होते. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या प्राथमिक अहवालाने मात्र टायर फुटल्याची शक्यता नाकारली.

टायर फुटतातच, पण ते दैव नसते. टायर फुटण्यामागचे मोठे कारण कमी हवा हे आहे. हवा कमी असली की चालताना टायरची बाजू प्रत्येक फेरीला जास्त वाकते, आत उष्णता साठते आणि रबर व आतील धाग्यांचे थर सुटतात. त्यात अकोल्याचा मे महिना, पारा ४५ च्या वर आणि खालचे डांबर त्याहून तापलेले. अशा वेळी उन्हाळ्यात हवा मुद्दाम कमी ठेवण्याचा सल्ला दिला जातो. तो नेमका उलटा आहे. हवा कंपनीने सांगितली तितकीच ठेवा. तो आकडा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा.

कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी, असा नियम आहे. टायरच्या खाचांमध्ये मध्ये मध्ये छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायरचे आयुष्य संपले. टायरच्या बाजूवर चार आकडी संख्या असते. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. परिवहन विभागाने २०२३ मध्ये समृद्धीवर टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवण्याची मोहीम घेतली होती. ती योग्यच होती. तशीच तपासणी इतर महामार्गांवरही हवी.

पंक्चर झाले : आधी जागा, मग जॅक

चाक बदलताना माणसे दोन प्रकारे मरतात. जॅक घसरून गाडी अंगावर येते, किंवा मागून येणारे वाहन उडवते. महामार्गावर दुसरा धोका मोठा आहे. ताशी १०० च्या वेगाने येणारी गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर कापते. तुम्ही ५० मीटरवर त्रिकोण ठेवला तर मागच्या चालकाला दोन सेकंदही मिळत नाहीत.

म्हणून चाक बसले की ब्रेकवर उभे राहू नका. स्टिअरिंग घट्ट धरा, पाय अॅक्सिलरेटरवरून काढा, वेग आपोआप उतरू द्या. इंडिकेटर देऊन डावीकडे या आणि हळूहळू पुढे सरकत सपाट, कडक, वळणापासून दूर असलेली जागा गाठा. पेट्रोल पंप, ढाबा, गावाचा फाटा मिळाला तर उत्तम. टायर आणि रिम खराब झाली तरी चालेल. सर्व प्रवाशांना डाव्या दाराने उतरवा आणि रेलिंगच्या पलीकडे उभे करा. रात्री, पावसात, अरुंद खांद्यावर किंवा रस्त्याच्या बाजूचे चाक बसले असेल तर स्वतः बदलण्याचा हट्ट सोडा आणि राष्ट्रीय महामार्गाच्या १०३३ या क्रमांकावर मदत मागा.

चाक बदलण्याचा क्रम

१. चारही इंडिकेटर सुरू करा. त्रिकोण गाडीच्या मागे किमान शंभर पावलांवर, मोकळ्या महामार्गावर त्याहून लांब ठेवा. ठेवायला जाताना रस्त्यावरून नाही, कडेने चाला.

२. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका. ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’. बसलेल्या चाकाच्या तिरप्या दिशेच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावा.

३. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा-अर्धा फेरा सैल करा. गाडी उचलल्यावर जोर लावला तर ती जॅकवरून घसरते.

४. जॅक फक्त ठरलेल्या खाचेखालीच लावा. ही खाच दाराखालच्या पत्र्याला, चाकाजवळ असते. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात जॅक बघता बघता रुततो. डिकीत एक जाड लाकडी फळी कायम ठेवा.

५. चाक जमिनीपासून सुटेल इतकीच गाडी उचला. काढलेली स्टेपनी तोवर दाराखाली आडवी सरकवून ठेवा. जॅक सुटलाच तर गाडी तिच्यावर टेकेल. हात, पाय, डोके गाडीखाली घालू नका.

६. नट काढा, चाक काढा आणि ते स्टेपनीच्या जागी गाडीखाली सरकवा. स्टेपनी चढवून नट हाताने फिरवा. नटाची निमुळती बाजू चाकाकडे हवी. आट्यांना तेल-ग्रीस लावू नका.

७. गाडीखालचे चाक काढून गाडी खाली घ्या आणि मग नट समोरासमोर, एकाआड एक असे आवळा. गोल क्रमाने आवळले तर चाक वाकडे बसते.

८. बहुतेक छोट्या गाड्यांना नट आवळायला साधारण १०० न्यूटन मीटरच्या आसपास जोर लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. एक फुटी पान्याच्या टोकाला हाताने सुमारे ३५ किलोचा दाब दिला की तेवढा जोर मिळतो. पान्यावर उभे राहिलात तर जोर दुप्पट होतो आणि आटे जातात. पुढच्या वेळी तोच नट सुटत नाही.

९. पुढच्या पंक्चरवाल्याकडे हवा तपासा. ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा. स्टेपनी मूळ चाकापेक्षा अरुंद असेल तर तिच्यावर लिहिलेला वेग, सहसा ताशी ८०, ओलांडू नका.

स्टेपनीच नसेल तर?

‘स्टेपनी’ हा शब्द वेल्समधील लॅनेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथे १९०४ च्या सुमारास जादा चाक बनवणारा कारखाना होता. शब्द आपल्याकडे घट्ट रुजला, वस्तू मात्र आता गायब होऊ लागली आहे. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट असेल तर स्टेपनी न देण्याची मुभा कंपन्यांना २०२० च्या नियमबदलाने मिळाली. सीएनजी गाड्यांत टाकीमुळे जागाही कमी असते. त्यामुळे आपल्या डिकीत नेमके काय आहे, हे मूर्तिजापूरच्या पुढे रात्री अकराला कळण्याऐवजी आजच पाहा. किट खिळ्याच्या छोट्या छिद्रावर चालते, फाटलेल्या बाजूवर नाही. स्टेपनी असेल तर तिच्यातही हवा भरून घ्या. चार चाकांची हवा तपासून पाचवे विसरणे हीच रीत झाली आहे.

मग जबाबदारी कुणाची?

सगळा भार चालकावर टाकून हा विषय संपत नाही. पक्क्या परवान्याच्या चाचणीत गाडी रिव्हर्स घेता येते का, हे पाहिले जाते. मागच्या प्रवाशाचा पट्टा लागल्याशिवाय उमेदवार गाडी हलवतो का, हेही पाहिले जाऊ शकते. त्याला पैसाही लागत नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या विहित अभ्यासक्रमात वाहनाची रचना आणि दुरुस्ती हा भाग आहे. त्यात प्रत्येकाने एकदा स्वतःच्या हाताने चाक उतरवून चढवावे. मुलींनीही. पान्याचा जोर मनगटापेक्षा दांड्याच्या लांबीवर अवलंबून असतो.

पोलिसांनी नाक्यावर मागचे दार उघडायला सांगावे. महिनाभर दंड नको, फक्त बक्कल वर काढून दाखवायला लावावे. त्यानंतर मात्र दंड व्हावा आणि तो सरकारी गाडीलाही व्हावा.

सर्वांत अवघड प्रश्न लग्नसराईचा आहे. पाच पट्ट्यांच्या गाडीत नऊ माणसे बसतात, कारण रात्रीची एसटी नसते आणि दुसऱ्या गाडीचे भाडे परवडत नाही. अशा कुटुंबाला नुसता उपदेश करून भागणार नाही. मुहूर्तांच्या दिवसांत तालुक्याच्या गावांतून रात्रीच्या जादा बस सोडणे हाही रस्ता सुरक्षेचाच भाग आहे. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या बैठकीत ब्लॅक स्पॉटच्या यादीसोबत हा विषयही यायला हवा.

७५ किलोमीटर डांबर अंथरायला १०५ तास लागले. मागचा पट्टा लावायला पाच सेकंद लागतात. उद्या सकाळी गाडी काढाल तेव्हा पाच बक्कले, पाच चाकांची हवा आणि डिकीतला जॅक तपासा. मागे बसलेले आजी-आजोबा ‘राहू दे ना’ म्हणतील. त्यांचा पट्टा लागेपर्यंत गाडी सुरू करू नका.